थेंबभर सीरम, इन्फ्रारेड आणि एक प्लेट पोहे : प्रकल्पाच्या नोंदी

तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि कॅन्सर नसलेली माणसं यांच्या सीरममधला (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) फरक इन्फ्रारेड वर्णपटावरून (कुठल्या लाटेचा उजेड किती शोषला गेला त्याचा आलेख) कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला ओळखता येतो का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. मी या कामावर प्रोजेक्ट असिस्टंट आहे, शिक्षण केमिस्ट्रीचं. मशीन लर्निंग काम करता करताच शिकले, आणि ते पुढे दिसेलच. वहीतल्या नोंदी थोड्या साफसूफ करून इथे उतरवतेय. खाली १६५० किंवा १७४० असे आकडे येतील ते वेव्हनंबरचे, म्हणजे एका सेंटिमीटरमधे उजेडाच्या किती लाटा बसतात त्याचे.

१० जून २०२४

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडली. अर्ज टाकून चार महिने झाले होते. त्यातला एक महिना मराठी संमतिपत्रापायी गेला, कारण आमचा पहिला मसुदा वाचून कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, ‘हे रुग्णाला कळेल का?’ नसतं कळलं. दुसऱ्यांदा लिहिताना ‘वर्णपटमिती’ काढून ‘रक्तावर उजेड टाकून तपासणी’ असं लिहिलं.

यंत्र सेंट्रल लॅबमधलं एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट घेणारं), हिऱ्याच्या स्फटिकाचं एटीआर लावलेलं (नमुना स्फटिकावर ठेवायचा, उजेड स्फटिकातून येतो). आम्हाला दिवसाला तीन तास मिळतात. रोज सुरुवातीला पॉलिस्टायरिनची पट्टी लावायची, तिचं ठरलेलं १६०१ चं शिखर जागेवर आहे का बघायचं आणि मगच पुढे. रिझोल्यूशन ४, एका वर्णपटासाठी ३२ स्कॅनची सरासरी.

१८ जून

आठवडाभर फक्त थेंब वाळवतेय. सीरम माझंच.

पाणी १६४० च्या आसपास जबरदस्त शोषतं आणि प्रथिनांचं मुख्य शिखर, अमाइड एक, १६५० वर. पाणी उडाल्याशिवाय काही दिसत नाही. पहिल्यांदा ५ मायक्रोलिटर टाकलं. अर्धा तास झाला तरी मधे ओलं, कडेला पापुद्रा. चहाचा थेंब टेबलावर सुकला की कडेला गडद कडं उरतं, तसंच इथे. एटीआरला स्फटिकालगतचे एकदोन मायक्रॉनच दिसतात, त्यामुळे स्फटिकाच्या मधोमध कडं आलं की पातळ भाग आला यावर आकडा बदलतो.

घाई म्हणून छोटा टेबलफॅन लावला. थेंब एका बाजूला सरकून सुकला, दोन दिवस फुकट. आता १ मायक्रोलिटर, फॅन बंद, साधारण आठ मिनिटं. घड्याळावर मात्र भरवसा ठेवत नाही. दर मिनिटाला एक स्कॅन घेते, १५४५ चं शिखर (अमाइड दोन) वाढायचं थांबलं की थेंब वाळला. पिपेटने १ मायक्रोलिटर सारखंच पडायला हात बसावा लागतो. माझा बसायला चार दिवस लागले.

२ जुलै

मोठी चूक, माझीच. प्रत्येक थेंबानंतर स्फटिक स्पिरिटने पुसत होते. रिकाम्या स्फटिकाचा स्कॅन रोज थोडा थोडा वर चढत होता आणि मी त्याला बेसलाइन (वर्णपटाची तळरेषा) म्हणत होते. अल्कोहोलने प्रथिनं साकळतात, म्हणजे मी सीरम स्फटिकावर चिकटवत बसले होते. पुसायचं असं : आधी डिस्टिल्ड पाणी, मग सौम्य डिटर्जंट, परत पाणी आणि शेवटी अल्कोहोल. तेही पूर्ण उडू द्यायचं, नाहीतर १०४५ च्या आसपास त्याचं शिखर उरतं, म्हणजे नेमकं साखरेच्या पट्ट्यात. रिकामा स्कॅन सपाट आल्याशिवाय पुढचा थेंब नाही. जूनचे ४० स्कॅन रद्द केले.

११ जुलै

पाऊस. यंत्रातले सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झाले. १४०० ते १९०० मधे बारीक दातेरी रेषा आल्या, करवतीसारख्या. हवेतली वाफ ती, आणि अमाइडच्या डोक्यावरच बसते. (२३५० जवळचा कार्बन डायऑक्साइड माझ्या श्वासाचा. तो आमच्या कामाच्या पट्ट्याबाहेर आहे, असू दे.) बीमस्प्लिटर (यंत्रातला उजेड दोन भागांत विभागणारा तुकडा) पोटॅशियम ब्रोमाइडचा, दमट हवा त्याची शत्रू.

डीह्युमिडिफायर घेतला, सोळा हजार. मणी लॅबच्या ओव्हनमधे ११० अंशांवर भाजून परत निळे केले. घरच्या ओव्हनमधे हा उद्योग करू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आता स्लॉटच्या आधी तासभर खोली बंद ठेवून यंत्र तापू देते. लॅबमधले काका म्हणाले, ‘पावसाळ्यात हे मशीन आमच्या गुडघ्यासारखं करतं.’

२५ जुलै ते ३० ऑगस्ट

रुग्णांचे नमुने. रुग्णालयातल्या सर्जननी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘तोंड उघडून बॅटरी मारली की गाठ दिसते. तुम्हाला रक्त कशाला हवंय?’ प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते त्यांनीच नंतर दिलं. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही त्यांच्यात आतलं दिसत नाही. आणि ऑपरेशननंतर आजार परत आला का, हे रेडिएशनने कडक झालेल्या जागेत कळणं अवघड. तिथे रक्ताचा उपयोग झाला तर खरा.

पहिले सात नमुने जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधे आले. त्यात ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, ते १४०० आणि १६०० जवळ स्वतःचीच शिखरं काढतं. सातही बाद. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, ‘अगं, मग चिठ्ठीवर रंग लिही ना. आम्हाला सीबीसी म्हटलं की हात जांभळ्याकडेच जातो.’ चिठ्ठीवर पिवळी टोपी काढून दिली, तेव्हापासून एकही चूक नाही. अकरा नमुन्यांचं सीरम गुलाबी होतं, म्हणजे रक्तपेशी फुटलेल्या. तेही घेतले नाहीत.

नियम ठरला : रक्त काढल्यावर अर्धा तास उभं ठेवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, दोन तासांच्या आत उणे ८० ला, छोट्या कुप्यांत वाटून. एक कुपी एकदाच वितळवायची.

महिनाअखेर ५८ रुग्ण. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे. पहिल्या-दुसऱ्या स्टेजचे फक्त नऊ.

८ सप्टेंबर

निरोगी लोकांचे नमुने कुठून आणायचे? गणपतीत मंडळांची रक्तदान शिबिरं असतातच. रक्तपेढीशी बोलून, दात्यांची संमती घेऊन प्रत्येकाकडून एक जादा ट्यूब घेतली. रविवार, दुसरा दिवस, मांडवात आरती चाललेली. मंडळाची मुलं खरंच उत्साही. ‘ताई, रिसर्चला ना? दोन ट्यूब घ्या!’ बाहेर मोठ्या पातेल्यात पोहे, चहाचा थर्मास. उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं, म्हणून प्रत्येकाला आधी खायला घालत होते. मीही एक प्लेट खाल्ली.

दुपारी दोनपर्यंत ६१ नमुने. मला वाटलं, दीड महिन्याचं काम एका दिवसात उरकलं.

३० सप्टेंबर

११९ माणसं, प्रत्येकी तीन थेंब, ३५७ वर्णपट. ९०० ते १८०० आणि २८०० ते ३००० हे पट्टे ठेवले, सेकंड डेरिव्हेटिव्ह घेतलं (त्याने चिकटलेली शिखरं सुटी दिसतात), नॉर्मलाइझ केलं (सगळे एका मापावर आणले), रँडम फॉरेस्टला दिलं (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून ठरवणारं मॉडेल).

९७ टक्के बरोबर.

संध्याकाळी पेढे आणले. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमनी एक पेढा घेतला आणि विचारलं, ‘एकाच माणसाचे तीन थेंब ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेले नाहीत ना?’

३ ऑक्टोबर

गेले होते. तीन थेंबांपैकी दोन मॉडेलने आधीच पाहिलेले, तिसरा परीक्षेत. म्हणजे पेपर फुटलेला. विभागणी माणसागणिक केली, एका माणसाचे तिन्ही थेंब एकाच बाजूला. पायथनमधे त्यासाठी तयार सोय आहे, एक ओळ बदलावी लागते.

९२ टक्के. उतरले, पण हातात ९२ आहेत म्हणून मी खूषच.

९ ऑक्टोबर

मॅडम खूष नव्हत्या. इन्फ्रारेडने रक्तातून कॅन्सर ओळखण्यावरचं म्युनिकच्या गटाचं २०२१ चं काम त्यांनी वाचायला दिलं. १९२७ माणसं, फुप्फुस, प्रोस्टेट, स्तन आणि मूत्राशयाचे कॅन्सर, सीरम न वाळवता द्रवरूपातच मोजलेलं. या गटातले फेरेन्स क्राउस यांना २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात ते अ‍ॅटोसेकंद स्पंदांच्या (उजेडाच्या अतिशय छोट्या झोतांच्या) कामासाठी. या गटाचा एयूसी ०.७८ ते ०.८९ च्या दरम्यान. (एयूसी म्हणजे एक रुग्ण आणि एक निरोगी अशी जोडी उचलली तर मॉडेल शंभरात किती जोड्यांमधे रुग्णाला जास्त गुण देतं. ०.५ म्हणजे नाणेफेक.) आमच्या ९२ टक्क्यांचा एयूसी काढला, ०.९६ आला. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘त्यांच्याहून आपलं यंत्र साधं, माणसं कमी आणि आकडा मोठा. कुठे चुकतंय ते शोध.’

मॉडेल कुठल्या वेव्हनंबरवर जास्त विसंबतंय ते काढलं. वरच्या दहात १७४० आणि २८५०, २९२० ची जोडी. १७४० म्हणजे मेदातलं एस्टर, बाकीची दोन चरबीच्या लांब साखळ्यांची. दात्यांमधे ही शिखरं उंच, रुग्णांमधे खाली.

बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि मग ते पातेलं आठवलं. रुग्णांचं रक्त सकाळी लिव्हर फंक्शनबरोबर, रात्रभर उपाशीपोटी काढलेलं. दात्यांचं पोहे खाऊन तासाभराने, आणि आदल्या दिवशी घरोघरी मोदक. मी पोहे ओळखणारं यंत्र बनवलं होतं.

१४ ऑक्टोबर

चरबीचे पट्टे काढून टाकले तरी ८८ टक्के. म्हणजे अजून काहीतरी होतं.

यादी करायला बसले. रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीपुढे, दाते पंचविशी-तिशीतले. रुग्णांत बायका आहेत, दात्यांत फक्त तीन. रुग्ण जुलै-ऑगस्टमधे मोजले, दाते सप्टेंबरात. रुग्णांच्या ट्यूब पिवळ्या टोपीच्या, जेलवाल्या. शिबिरातल्या लाल टोपीच्या, साध्या.

ट्यूबची शंका तपासायला सोपी. दोन्ही ट्यूबमधे रक्ताऐवजी डिस्टिल्ड पाणी भरलं, अर्धा तास ठेवलं, फिरवलं, वरचं पाणी स्फटिकावर थेंब-थेंब करत पाच वेळा वाळवलं. लाल टोपीचं जवळपास सपाट. पिवळीचा १००० ते ११०० मधे बुटका, रुंद उंचवटा. रक्त गोठवायला त्यात सिलिका असते, तिचं शोषण याच भागात, तेव्हा तीच असावी. पाण्यात तिला धरायला गुठळी नसते, म्हणून खऱ्या सीरममधे एवढी येईलच असं नाही. पण डीएनए-आरएनएच्या फॉस्फेटचं १०८० चं शिखर याच पट्ट्यात येतं, आणि अहवालात मी त्याला ‘ट्यूमरचा संकेत’ म्हणून लाल वर्तुळ केलं होतं. ते वर्तुळ खोडलं.

हा प्रयोग जूनमधे करायला हवा होता. खर्च दोन ट्यूबचा.

१६ ऑक्टोबर

६१ दाते बाद. वयाची आकडेमोड करून ‘दुरुस्त’ करता येईल, असं मी सुचवलं होतं. पण मोजणीचा दिवस आणि आजार हे दोन्ही रकाने हुबेहूब एकच असतील तर कुठली आकडेमोड ते सोडवणार? मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवा बेत : निरोगी माणसं शोधायचीच नाहीत. त्याच रुग्णालयाच्या दंत आणि कान-नाक-घसा ओपीडीत येणारी, कॅन्सर नसलेली माणसं घ्यायची. तीच सिस्टर, तीच पिवळी टोपी, तीच उपाशी सकाळ. वय पाच वर्षांच्या आत जुळलं पाहिजे, आणि तंबाखू खाणारे पुरेसे हवेत, नाहीतर मॉडेल तंबाखूच ओळखेल. एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती अर्ज. यावेळी पाच आठवडे.

२ डिसेंबर ते १४ फेब्रुवारी २०२५

५५ नमुने मिळायला अडीच महिने. तंबाखूचा प्रश्न संमतिपत्रात ‘हो/नाही’ असा होता, आणि बायको शेजारी असली की उत्तर नेहमी ‘नाही’. एका काकांनी नाही म्हणून सही केली आणि पेन परत देताना खिशातून चुन्याची डबी खाली पडली. त्यांची बायको डबीकडे न बघता मला म्हणाली, ‘लिहा, बारा वर्षांपासून.’ त्यानंतर प्रश्न बदलला : ‘दिवसाला किती पुड्या?’ आणि नातेवाईक बाहेर.

जानेवारीत एका शनिवारी रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, उणे ८० चा फ्रीझर सकाळी उणे ११ वर. वरच्या रॅकमधल्या सहा कुप्या मऊ झालेल्या. प्रत्येक माणसाच्या चार कुप्या दोन वेगळ्या फ्रीझरमधे ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. माझ्या हातून घडलेलं हे एक शहाणपण, तेही जागा नव्हती म्हणून.

३ ते २८ मार्च

सगळे, म्हणजे ५८ जुने आणि ५५ नवे, पहिल्यापासून परत मोजले. जुन्यांच्या न वितळलेल्या कुप्या वापरल्या. त्या पाचेक महिने जास्त गोठलेल्या आहेत, हा फरक उरतोच. तो अहवालात लिहिलाय.

यावेळी क्रम चिठ्ठ्या टाकून. कुपीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ती यादी काकांच्या ड्रॉवरमधे, त्यांच्या डब्याखाली. मी दोनदा मागितली. ‘मॅडमनी नाही म्हटलंय,’ एवढंच उत्तर.

उरलेली सीरम एकत्र करून चाळीस छोट्या कुप्या भरल्या होत्या, रोज सकाळी त्यातली एक मोजायची. सीरम तेच, म्हणजे आकडाही तोच यायला हवा. दोन दिवशी आला नाही (एकदा एसी बंद होता, एकदा कारण सापडलं नाही). ते दोन्ही दिवस पुसून परत केले.

७ एप्रिल

काकांनी यादी दिली. आधी एक उलटी परीक्षा घेतली : मॉडेलला आजार न विचारता, हा वर्णपट कोणत्या आठवड्यात मोजला ते ओळख म्हटलं. जमलं नाही, अंदाजपंचे. चांगली गोष्ट. मग रुग्ण-बिनरुग्ण लेबलं मुद्दाम पिसून शंभरदा चालवलं, एयूसी ०.५ च्या आगेमागे. हेही ठीक.

मग खरी लेबलं. एयूसी ०.७२. माणसांचे पाच भाग करून एकेक भाग परीक्षेला ठेवला, त्यात सगळ्यात वाईट ०.६१, सगळ्यात चांगला ०.८३. एवढ्या माणसांत एवढा झोका येणारच.

पेढे आणले नाहीत. पण हा आकडा मला ९७ पेक्षा जवळचा वाटतो.

१६ एप्रिल

चुकलेल्यांची यादी घेऊन ओपीडीच्या केसपेपरपाशी बसले. कॅन्सर नसताना मॉडेलने ‘आहे’ म्हटलेले तेरा जण. त्यातल्या सात जणांना दाढेत पू किंवा सायनसचा जोराचा संसर्ग होता. गाल सुजलेली, ताप असलेली माणसं.

यावेळी मॉडेल मुख्यतः अमाइड शिखरांच्या खांद्यांवर (उतारावरचे छोटे फुगवटे) विसंबून आहे. शरीरात कुठेही दाह असला की यकृत सीरममधली प्रथिनं बदलतं. अल्ब्युमिन उतरतं, सीआरपीसारखी दाहाची प्रथिनं चढतात. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या रुग्णांत ते होतंच, आणि सुजलेल्या दाढेतही होतं. आम्ही कॅन्सर पकडतोय की दाह, हे या ११३ माणसांवरून सांगता येत नाही. पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या नऊपैकी मॉडेलने चार ओळखले. अहवालाच्या शीर्षकातून ‘लवकर निदान’ हे शब्द मॅडमनी लाल पेनने काढले. मी हरकत घेतली नाही.

१८ एप्रिल

हिशोब, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. ट्यूब, टिप्स, कुप्या मिळून एकोणीस हजार. डीह्युमिडिफायर सोळा. यंत्राच्या वेळेचे अंतर्गत दर धरून बेचाळीस, त्यातले निम्मे पहिल्या फेरीचे, म्हणजे पाण्यात. रुग्णालयापर्यंत बर्फाचा डबा घेऊन रिक्षा, सात हजारांवर. वेळ दहा महिने. पोहे फुकट होते.

२१ एप्रिल

सर्जनना आकडे दाखवले. ०.७२ ला त्यांनी नाक मुरडलं नाही, उलट दाढेवाल्या सातांवर बराच वेळ थांबले. म्हणाले, ‘त्या सातांना अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर परत बोलवा. सूज उतरल्यावर तुमचं मशीन काय म्हणतं ते बघू.’ हे मला सुचायला हवं होतं.

सातांपैकी पाच फोनवर सापडले. चार जण यायला तयार आहेत. सोमवारी सकाळी आठला, उपाशीपोटी, पिवळी टोपी. चिठ्ठी आत्ताच सिस्टरना देऊन आले.